न दिसणारे अपंगत्व आणि विमानतळ

कुबडी किंवा चाकाची खुर्ची दिसली की रांगेतील माणसे आपोआप बाजूला सरतात. स्वमग्नता, स्मृतिभ्रंश किंवा अपस्मार असलेल्यांच्या वाट्याला मात्र हे सौजन्य येत नाही, कारण त्यांची अडचण कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. प्रखर दिवे, सततच्या उद्घोषणा आणि पावलोपावली होणारी तपासणी यांनी भरलेल्या विमानतळावर अशा प्रवाशाची अवस्था बिकट होते. तो गोंधळला तर उद्धट ठरतो आणि थबकला तर संशयित.

लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये यावर एक साधा उपाय योजला. पिवळ्या सूर्यफुलांची हिरवी पट्टी ज्याच्या गळ्यात दिसेल, त्याला थोडा अधिक वेळ द्यावा आणि सोप्या शब्दांत सूचना द्याव्यात, एवढाच हा संकेत. पट्टी विनामूल्य मिळते आणि वैद्यकीय दाखला मागितला जात नाही. ही पद्धत आता अनेक देशांत पसरली असून भारतात बेंगळुरूच्या विमानतळानेही ती स्वीकारली आहे.

दाखल्याविना सवलत दिली तर तिचा गैरफायदा घेतला जाईल, असा आक्षेप साहजिकच घेतला जातो. परंतु सवलतीपासूनचा लाभ जितका अल्प, तितके लबाडीचे प्रलोभनही अल्प, हा अर्थशास्त्रातील साधा हिशेब येथे विसरला जातो. पट्टीमुळे तिकीट स्वस्त होत नाही की सुरक्षा-तपासणी टळत नाही. धडधाकट माणसाच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नाही. गरजवंताला मात्र प्रवास शक्य होतो. उलट दाखल्याची सक्ती केल्यास कचेऱ्यांच्या हेलपाट्यांचा सारा भार त्या गरजवंताच्याच माथी बसतो.

भारतीय कायदा या बाबतीत मागासलेला नाही. १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या अधिनियमाने ते २१ केले आणि स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, कंपवात यांचा त्यांत समावेश केला. तरीही मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला, तो घाबरलेला आहे या कारणावरून, विमानात चढू दिले गेले नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला ५ लाख रुपये दंड केला. पुढे जुलैमध्ये नियमही बदलला : केवळ अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येणार नाही, प्रकृतीविषयी शंका असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागेल.

तात्पर्य, उणीव कायद्यात नसून खिडकीपलीकडच्या माणसाच्या तयारीत आहे. विमानतळावर कंपनीचे कर्मचारी, ठेकेदाराची माणसे आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असे निरनिराळ्या धन्यांचे सेवक काम करतात. त्यांपैकी एकालाही सूर्यफुलाचा अर्थ ठाऊक नसेल, तर गळ्यातली पट्टी तेथे निरुपयोगी ठरते. म्हणूनच या प्रशिक्षणाची अट प्रत्येक ठेक्याच्या करारातच घातली गेली पाहिजे. आपले व्यंग चारचौघांत जाहीर करण्याचा संकोच प्रवाशाने बाजूला सारल्यावर, त्याची खूण ओळखण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे.