इंजिनात गाळ साचला? डिझेलने धुण्याची घाई नको
जालना : अंबड, घनसावंगी, परतूरकडे बऱ्याच गाड्या गाव ते बाजार एवढ्याच धावतात. इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल धरते. त्यात ऑईल बदलायला उशीर झाला की काळा गाळ होतो. इंजिन थंड असताना ऑईलचं झाकण उघडून आतून बोट फिरवा. चिकट थर लागला तर समजा.

काही जण डिझेल टाकून इंजिन धुतात. सुटलेला गाळ ऑईल पंपाच्या जाळीत अडकतो, ऑईल वर चढत नाही आणि इंजिन जाम होतं. थर पातळ असेल तर ऑईल-फिल्टर बदला, हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा बदला. जाड असेल तर मेकॅनिककडून चेंबर खोलून जाळी साफ करून घ्या. चालताना ऑईलचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा. घरापर्यंत नेऊ म्हटलं तर इंजिनच उतरवावं लागेल.