पळस्प्याची वीणा आणि परदेशी शिष्य

गाणे-वाजवणे रक्तातच असावे लागते, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. आपल्या माणसांनी तमाशात आणि जलशांत आयुष्ये वेचली. तरी 'शास्त्रीय' म्हटले की ते दुसऱ्यांच्या रक्तातले, असे परस्पर ठरलेले. म्हणून हे बोलणे कितपत खरे, याचा विचार आपणच आधी केला पाहिजे.

बोईसरहून मेमू गाडीने पनवेलला उतरले की पळस्पे जवळच आहे. तेथे रुद्रवीणेचे थोर वादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी गुरुकुल उभारले. डागरांचे घराणे ध्रुपदाचे, विद्या पिढ्यान् पिढ्या घरातच चालत आलेली. पण उस्तादांनी अमेरिकेतील विद्यापीठांत शिकवले, आणि अमेरिका व युरोपातील तरुण त्यांच्याकडे शिकण्यासाठी इकडे येऊन राहिले.

इतक्या दूर येऊन राहण्याची गरज काय, असे विद्यार्थी विचारतील. वीणेत तार आडवी ओढून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जातात, तिला मींड म्हणतात. ती किती ओढायची, कोठे थांबवायची, हे वहीत उतरवून घेता येत नाही. गुरूजवळ बसून ऐकावे, चुकावे, पुन्हा ऐकावे, हाच मार्ग. पुढे जपानच्या ताकाहिरो अराई यांनीही मुंबईत राहून पंडित शिवकुमार शर्मा यांच्याकडे संतूर शिकले.

जपानातही हेच घडले. तेथील कलाशाळांचे प्रमुखपद बहुधा बापाकडून मुलाकडे जाते. शाकुहाची ही बांबूची बासरी तर एके काळी झेन परंपरेतील फुके पंथाचे भिक्षू, डोक्यावर वेताची टोपली पालथी घालून, वाजवीत फिरत. १८७१ साली सरकारने तो पंथ बंद केला आणि बासरी सर्वसामान्यांकडे आली. अमेरिकेचे रायली ली जपानात राहून ती शिकले व १९८० मध्ये महागुरूची पदवी मिळवणारे पहिले परदेशी ठरले. क्योतो शहरात १९८४ पासून नोह व क्योगेन नाट्याचे तीन आठवड्यांचे उन्हाळी वर्गही सुरू झाले. तीन आठवड्यांत काय येणार म्हणा! नोहमधले पाऊल न उचलता सरकत चालणे थोडेफार जमले तरी पुष्कळ.

रक्ताचा प्रश्न येथे निकालात निघतो; सवडीचा मात्र निघत नाही. परदेशातून येणाऱ्याला वर्षे मोकळी काढता येतात. तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आपल्या मुलाने ती कोठून आणावी? कलेची दारे उघडली असे म्हणताना ही अडचण आपण लपवू नये.

आणखी एक. वीणेला दोन भोपळे असतात. आपल्या जिल्ह्यातील वारली बांधवांचा तारपाही भोपळ्याचाच. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. त्यासाठी पनवेललाही जावे लागत नाही. भात तयार झाल्यावर जव्हार, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांवर तो वाजतो. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, आणि भोवती फेर धरणारे त्याच्याकडे पाठ करीत नाहीत. आपल्यापैकी किती जण त्या वादकाशेजारी एक रात्र तरी बसले आहेत?