पाच वॅटची हँडी आणि सिंहगडाची उंची

हॅम रेडिओचा पहिला हातातला संच घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला हमखास विचारतो, ‘किती किलोमीटर चालेल?’ खोक्यावर दहा, कधी वीस किलोमीटर असं छापलेलं असतं आणि त्या आकड्याच्या भरवशावर पैसे मोजले जातात. पण या आकड्याला काही अर्थ नाही. अंतर ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात आणि संचाच्या डोक्यावर कोणती अँटेना आहे, यावर.

हॅम मंडळी ज्याला ‘हँडी’ म्हणतात, ती आपल्याकडे मुख्यतः 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वापरली जाते. इथे तरंगलांबी साधारण दोन मीटर, म्हणून बोलण्यात त्याला ‘टू मीटर’ हेच नाव. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचं रेडिओ-क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपतं आणि मध्ये इमारती आल्या की हातात एक-दोन किलोमीटर उरतात. आता तीच हँडी घेऊन सिंहगडावर जा. गड पुणे शहरापेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला 4.12 ने गुणायचं, की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. इथे ते येतं सुमारे 113. बॅटरी तीच, वॅटही तेवढेच.

म्हणूनच ‘पाच वॅट घेऊ की आठ?’ या प्रश्नावर रात्र जागवू नये. पाचावरून आठवर गेलं की सिग्नल दोन डेसिबलने वाढतो. संचावरच्या सिग्नल मीटरचा एक अंश सहा डेसिबलचा असतो, म्हणजे ऐकणाऱ्याला फरक जेमतेम कळेल. बॅटरी मात्र नक्की लवकर उतरेल. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून चारशे किलोमीटरवरून जातं आणि पाच वॅटच्या हँडीवरून त्यावरच्या हॅम रिपीटरमार्फत, म्हणजे ऐकलेलं लगेच पुढे पाठवणाऱ्या यंत्रामार्फत, लोक एकमेकांशी बोलतात, कारण वाटेत आकाशाशिवाय काही नसतं.

खरा तोटा होतो तो अँटेनामध्ये. दोन मीटरच्या लहरीसाठी पाव तरंगलांबीची अँटेना पन्नास सेंटिमीटरच्या आसपास हवी. संचासोबत मिळते ती रबराच्या आवरणातली, पंधरा-वीस सेंटिमीटरची. आतली तार स्प्रिंगसारखी गुंडाळून ती आखूड केलेली असते. या सोयीपायी बरीच शक्ती वाया जाते. त्यात अशा अँटेनाला खालच्या बाजूला जोडीदार लागतो आणि हँडीमध्ये ते काम संचाची छोटीशी चौकट आणि तो धरणारा तुमचा हात मिळून कसंबसं करतात. हँडी कमरेला लावून, वेगळा माइक तोंडाशी धरून बोललं तर शरीरच बरीचशी लहर गिळून टाकतं.

यावर हॅम लोकांचा एक जुना, जवळपास फुकटचा उपाय आहे. साधी लवचीक वायर घ्या, 49 सेंटिमीटर. एक टोक थोडं सोलून तांब्याच्या तारा पिळून घ्या आणि अँटेना जिथे संचात फिरवून बसते तिथल्या बाहेरच्या धातूच्या कड्याभोवती त्यांचा घट्ट वेढा द्या. मधल्या पिनेला तिचा स्पर्श होता कामा नये. अँटेना परत पिळून बसवा, वायर खाली मोकळी लोंबू द्या आणि संच उभा, तोंडापासून चार बोटं लांब धरा. याला ‘टायगर टेल’ म्हणतात. खरखरीत बुडालेलं बोलणं या शेपटीमुळे समजण्याजोगं होतं. पुढचा खर्च करायचाच तर तो चाळीसेक सेंटिमीटरच्या लांब अँटेनावर करा. फक्त जोड तपासून घ्या: जपानी संचांवर बहुधा भोकाचा जोड असतो आणि अनेक चिनी संचांवर पिनेचा, त्यामुळे एकाची अँटेना दुसऱ्यावर बसत नाही.

आता खुद्द संचाकडे. 2012च्या सुमाराला बाओफेंग यूव्ही-5आर हा स्वस्त चिनी संच बाजारात आला आणि हँडी विद्यार्थ्याच्या खिशाला परवडू लागली. हे मोठंच काम झालं. पण अशा संचात जवळपास सगळा रेडिओ एकाच चिपवर असतो आणि नको ते सिग्नल अडवणारी गाळणी तोकडी. खेड्यात तो छान ऐकतो. शहरात टॉवरच्या जंगलात त्याची गत लग्नाच्या मांडवात डीजेशेजारी बसलेल्या आजोबांसारखी होते. दुसरी खोट प्रसारणात. 145 मेगाहर्ट्झवर बोलताना त्याच्या दुपटीवर, 290 वरही थोडी शक्ती निसटते. चांगला संच ती दाबून टाकतो. एआरआरएल या अमेरिकी हॅम संघटनेच्या प्रयोगशाळेने तपासलेल्या स्वस्त संचांपैकी अनेक या कसोटीवर नापास झाले होते. शिवाय हे संच 136 ते 174 मेगाहर्ट्झ असे सताड उघडे असतात. त्यातच 156.8 मेगाहर्ट्झ येतं, समुद्रात अडचणीत सापडलेल्या बोटींच्या हाकेचं चॅनेल. कोकण किनाऱ्यावर कुणी हौसेने तिथे बटण दाबलं तर काय होऊ शकतं, हे सांगायला नको.

माझं मत स्पष्ट आहे. ऐपत असेल तर येसू, आयकॉम, केनवूड यांपैकी कुणाचा तरी साधा अ‍ॅनालॉग संच घ्या. नसेल तर स्वस्त संच घ्या, पण जाणत्या हॅमकडून तो एकदा यंत्रावर तपासून घ्या आणि वाचलेले पैसे अँटेनात घाला. पहिल्याच खरेदीत डिजिटलच्या मागे लागू नका. डीएमआर, डी-स्टार आणि सी4एफएम यांना एकमेकांची भाषा कळत नाही आणि गावातले चार हॅम कशावर आहेत हे कळेपर्यंत पैसे अडकून पडतात. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणार असाल तर आयपी क्रमांक बघा: 54 म्हणजे शिंतोडे सोसेल, 67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालेल.

मात्र या सगळ्याआधी परवान्याची परीक्षा. परवान्याशिवाय हॅमच्या पट्ट्यात बोलणं गुन्हा आहे. ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकी सर्रास विकल्या जाऊ लागल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025मध्ये विक्रेत्या संकेतस्थळांना नोटिसा काढल्या. बाराव्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही आणि तुमची हाक (कॉल साइन) ‘व्हीयू3’ने सुरू होते, जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागतं आणि मिळतं ‘व्हीयू2’. परवाना येईपर्यंतचा वेळ जवळच्या हॅमच्या घरी बसून ऐकण्यात घालवा.

संच हातात आला की संगणकाविना, नुसत्या बटणांनी संचात रिपीटरची वारंवारता बसवायला शिका. दोन मीटरवर रिपीटर एका वारंवारतेवर बोलतो आणि बहुधा 600 किलोहर्ट्झ खाली ऐकतो. अनेकदा आवाजाखाली एक बारीक टोनही मागतो. गडावर लॅपटॉप नसतो. आणि बोलायचं बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून मग तोंड उघडा, कारण डोंगरावरच्या त्या यंत्राला जागं व्हायला तेवढा वेळ लागतो. घाई केली तर तुमच्या हाकेतलं ‘व्हीयू3’ कापलं जातं आणि पलीकडच्याला पुन्हा विचारावं लागतं, ‘कोण बोलतंय?’