बिबटे मोजता येतात. ते हवेत का, हे ठरवावे लागते

२०१५ साली मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि लगतच्या आरे परिसरात ठिकठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले गेले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. तिच्या आधारे निकित सुर्वे यांच्या अभ्यासात ३५ बिबटे ओळखले गेले. पश्चिमेला बोरिवली-कांदिवली, पूर्वेला मुलुंड-भांडुप आणि मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल. त्यात हे बिबटे राहत होते.

पण ३५ बिबटे म्हणजे जास्त की कमी? जंगलाला खेटून फ्लॅट घेतलेले मुलुंडचे कुटुंब, वन्यजीव अभ्यासक आणि आरेतल्या पाड्यावरची वारली आजी या तिघांची उत्तरे वेगळी असतील, आणि तिघांपैकी कोणीही मोजणीत चूक काढणार नाही. त्यांचा मतभेद मूल्यांवर आहे.

संवर्धनशास्त्राने ही गोष्ट सुरुवातीलाच मान्य केली होती. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मायकेल सूले यांनी १९८५ साली ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात या शास्त्राची मूल्यगृहीतके उघडपणे मांडली: जीवांची विविधता चांगली, परिसंस्थेची गुंतागुंत चांगली, उत्क्रांती चांगली, आणि जैवविविधतेला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मूल्य आहे. यातले एकही विधान प्रयोगाने सिद्ध होत नाही. आरोग्य चांगले, हे गृहीत धरूनच वैद्यकशास्त्र चालते, तसेच हे. २०१२ साली त्याच नियतकालिकात पीटर करेव्हा आणि मिशेल मार्व्हिए यांनी वेगळी भूमिका घेतली. माणसाचे कल्याण बाजूला ठेवून संवर्धन टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्या उपनगरांत हा वाद पुस्तकात राहत नाही, तो सोसायटीच्या कुंपणापर्यंत येतो.

गृहीतक न बोलता तसेच राहिले की काय होते, हे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरने दाखवले. उसाच्या शेतांत वावरणारे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम तिथे २००१ च्या सुमारास सुरू झाली. बिबट्याची जागा जंगलात आणि माणसाची गावात, ही समजूत तिच्यामागे होती. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहिमेच्या काळात ते १७ वर गेले. स्वतःचा इलाका सुटलेला, पिंजऱ्याच्या ताणातून गेलेला प्राणी अनोळखी मुलखात अधिक धोकादायक ठरू शकतो, आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा येऊ शकतो. चांगल्या हेतूने उचललेले पाऊल माणसांच्याच जिवावर आले.

मुंबईतही २००४ मध्ये उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे जीव गेले. पुढे २०११ साली, सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख असताना, वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. कचरा साठू देऊ नका, म्हणजे त्यावर जगणारी कुत्री आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्या वस्तीत येणार नाही. तो दिसला तर गराडा घालू नका. नुसता दिसला म्हणून पिंजरा मागू नका, असे या उपक्रमाचे सांगणे होते. बिबट्याला कुठे हलवायचे, हा प्रश्न मागे पडला आणि शेजारी कसे राहायचे, हा पुढे आला. जुन्नरच्या आकड्यांनी या मूल्यबदलाला बळ दिले.

२०१८ साली आणखी एक अभ्यास गाजला. मुंबईतले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रे चावण्याच्या सुमारे हजार घटना टळतात, असा त्यातला अंदाज होता. बिबट्याच्या बाजूने बोलायला हा मुद्दा फार सोयीचा आहे. पण उद्या पालिकेने सगळ्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण केले, तर बिबट्याला हाकलायचे का? आपण ‘नाही’ म्हणणार असू, तर त्याला राखण्याचे आपले खरे कारण त्याच्या उपयोगापेक्षा खोल आहे. ते कारण बोलून दाखवायला अभ्यासकांनी लाजू नये.

वारली समाजाने ते केव्हाच बोलून दाखवले आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाच्या, देवस्थानांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा सुमारे १५० जागांची नोंद आहे. वाघबारशीच्या सणाला वाघोबाला नैवेद्य दाखवतात. माणसांनी त्याचा मान ठेवायचा आणि त्याने गुराढोरांची, लेकरांची राखण करायची. मान चुकला तर तो कोपतो. तो निरुपद्रवी आहे, असे ही श्रद्धा कधीच म्हणत नाही.

म्हणूनच वारल्यांच्या सहनशीलतेचे नुसते कौतुक करून शहराला मोकळे होता येणार नाही. २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये बिबट्याने एका तान्ह्या मुलीचा जीव घेतला. बिबट्या टिकल्याचा आनंद सगळ्या मुंबईचा आणि धोका मात्र अंधाऱ्या वाटेने शौचाला जाणाऱ्यांचा, ही वाटणी न्याय्य नाही.

हाच पेच झाडांबाबतही दिसला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली तोपर्यंत उशीर झाला होता. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावू, या हिशेबात सगळी झाडे सारखी धरलेली असतात. लोकलच्या गर्दीतून सुटका आणि कमी धूर, ही दुसऱ्या बाजूची मूल्येही खरीच होती. पण सारी भाषा आकड्यांची राहिली की कोणते मूल्य कोणत्या मूल्यासाठी सोडले, हे लोकांसमोर येत नाही.

म्हणून संवर्धनाच्या प्रत्येक अहवालात कोणाचे भले गृहीत धरले आहे, झळ कोणाला बसणार आहे आणि त्यांना विचारले होते का, हे पहिल्या पानावर लिहिलेले असावे. माझे मूल्य मीही इथे मांडतो: बिबट्या इथेच राहावा, कारण हे जंगल त्याचे घर आहे, आणि त्याची किंमत पाड्यावरच्या लेकरांनी एकट्याने मोजू नये. पहिली गोष्ट कोणताही कॅमेरा सिद्ध करणार नाही. दुसरीसाठी दिवे, शौचालये आणि वेळेवर येणारी कचरागाडी लागेल, आणि त्यांची गरज नेमकी कुठे आहे हे दाखवायला त्याच कॅमेऱ्यांची मदत घ्यावी लागेल.