दिवा विझला, दार लागलं... जुन्या सिनेमात ‘ती’ रात्र न दाखवता कशी कळायची?

जोराचा पाऊस. चिंब भिजलेले नायक-नायिका आडोशाला एका खोलीत शिरतात. शेकोटी पेटते, नजरानजर होते आणि कॅमेरा हळूच जळत्या लाकडांकडे वळतो. पुढचं दृश्य थेट सकाळचं. दोन-चार रिळांनंतर नायिकेला मळमळायला लागतं आणि जळगाव असो की धुळे, बाल्कनीतल्या आजीबाईंपासून पुढच्या बाकड्यावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांना जे समजायचं ते समजतं. पडद्यावर त्याबद्दल एक शब्दही बोललेला नसतो.

आज मोबाइलवर हे सिनेमे पाहणाऱ्या नातवंडांना प्रश्न पडतो, एवढी लपवाछपवी कशासाठी?

बंदी नेमकी कशावर होती?

चुंबनावर थेट बंदी घालणारं कलम कायद्यात नव्हतंच. उलट इंग्रजांच्या काळात, १९३३च्या ‘कर्मा’मध्ये देविका राणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन पडद्यावर दिसलं होतं. स्वातंत्र्यानंतर १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. त्यात ‘सभ्यता व नीतिमत्ता’ असे शब्द होते. त्यांचा अर्थ लावायचा सेन्सॉर बोर्डाने. शिवाय निर्मात्याला ‘यू’ प्रमाणपत्र हवं असायचं. ‘ए’ मिळालं की बायका-मुलं घरी आणि गल्ला अर्धा. त्यामुळे कात्री बोर्डाच्या हातात असली तरी ती आधी दिग्दर्शकाच्याच डोक्यात चालायची.

१९६९मध्ये न्या. खोसला समितीने कथेची गरज असेल तर चुंबन दाखवायला हरकत नाही, असं सांगितलं. पुढच्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेन्सॉरशिप वैध ठरवली. मात्र लैंगिकता म्हणजे दरवेळी अश्लीलता नव्हे, हेही स्पष्ट केलं. पडद्यावर मात्र फुलं, पाखरं आणि पाऊस बरीच वर्षं तसेच राहिले.

खुणांची भाषा

फुंकर मारून विझवलेला दिवा, आतून लावलेली कडी, पलंगाखाली पडलेला गजरा, उतू जाणारं दूध, सकाळी विस्कटलेलं कुंकू. या खुणा प्रेक्षकाला कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. खान्देशात हळदीच्या रात्री बायका पुरुषांच्या माघारी जी गाणी म्हणत, त्यातली थट्टा याहून कितीतरी धीट. यात्रेतल्या तमाशात लावणीचा एक अर्थ कानाला, दुसरा मनाला. दादा कोंडके यांनी ‘सोंगाड्या’पासून (१९७१) हाच दुहेरी अर्थ सिनेमात आणला. सेन्सॉरने शब्दाला हरकत घेतली की ‘वाईट अर्थ तुमच्याच मनात आहे’ म्हणायची सोय.

सगळ्यात गाजलेली खूण ‘आराधना’तली (१९६९). शक्ती सामंत यांनी ते अख्खं गाणं एकाच शॉटमध्ये टिपलं. मधे आग, भोवती फिरणारा कॅमेरा, गुंडाळलेलं लाल कापड. राजेश खन्ना आणि शर्मिला टागोर एकमेकांना फारसा स्पर्शही करत नाहीत, तरी ते गाणं आजच्या उघड्यावाघड्या दृश्यांपेक्षा धगधगीत वाटतं. त्याआधी दोघांनी देवळात गुपचूप लग्न केलेलं असतं, ही चतुराई विसरू नका. प्रेक्षकाच्या मनातली नीतिमत्ता तिथेच शांत झालेली असते.

मराठीत याच्याही फार आधी शांतारामबापूंनी ‘कुंकू’ (१९३७) केला. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. म्हणजे काय नाकारते, हे कोणी बोलत नाही. घरातलं जुनं लंबकाचं घड्याळ आणि आरसा ते सांगतात. इथे आडून बोलणं बाईच्या बाजूने उभं राहिलं. पण असं क्वचितच झालं.

हिशेब कोणी चुकवला?

कारण कॅमेरा आगीकडे वळायचा, पण परिणाम मात्र सविस्तर दाखवला जायचा. ‘धूल का फूल’मध्ये (१९५९) प्रियकर दुसरं लग्न करून मोकळा होतो आणि तान्हं मूल जंगलात सोडायची वेळ तिच्यावर येते. रात्र दोघांची, उलटी तिची, बदनामी तिची. आणखी एक गोष्ट खटकते. बलात्काराच्या प्रसंगालाही तीच विझलेली वात, तीच कडाडलेली वीज वापरली जायची. तिची इच्छा होती की नव्हती, हे त्या खुणांतून कळत नसे. ज्या घरांत या विषयावर कोणी बोलत नव्हतं, तिथल्या पोरापोरींचं शिक्षण याच पडद्यावर झालं.

थाळनेर, शिरपूर, पळसखेडे

वेगळी वाट ‘जैत रे जैत’ने (१९७७) दाखवली आणि तिचे तीन धागे आपल्या भागात येतात. नायिका स्मिता पाटील मूळ शिरपूरच्या घरातली. संगीतकार हृदयनाथ मंगेशकर यांचं आजोळ शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. गीतकार ना. धों. महानोर अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेड्याचे, जळगावच्या अगदी शेजारचे. जब्बार पटेल यांच्या या सिनेमातली चिंधी नवऱ्याला सोडून नाग्याकडे येते. तिची ओढ गाण्यांतून उघडपणे येते. रान, रात्र, पाऊस हे शब्द तिथे पडदा म्हणून येत नाहीत, ती तिच्याच शरीराची भाषा असते. ती लाजत नाही आणि सिनेमाही तिला लाजवत नाही.

याच स्मिता पाटील यांना पुढे दुसरी बाजूही भोगावी लागली. ‘चक्र’मध्ये (१९८१) झोपडपट्टीतल्या बाईचं उघड्यावर अंघोळ करणं ही गरिबीची गोष्ट होती, जाहिरातीत मात्र नेमकं तेच चित्र प्रेक्षक खेचायला वापरलं गेलं. त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी ‘नमक हलाल’मध्ये अमिताभ बच्चन यांच्यासोबतच्या पावसातल्या गाण्यात त्या भिजल्या. ते गाणं तुफान चाललं. त्या स्वतः मात्र त्यामुळे अस्वस्थ झाल्या होत्या.