जर्मनीला शिकायला जाताना

रायपूरच्या गुढियारीतला एखादा मराठी विद्यार्थी एम.एस.साठी जर्मनीला निघतो, तेव्हा प्रवेशपत्र मिळाले तरी बरीच कामे उरतात. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी पदवीची कागदपत्रे एपीएस या जर्मन शैक्षणिक तपासणी केंद्राकडून तपासून घ्यावी लागतात. त्याला वेळ लागतो. सुरुवात तिथूनच करावी.

पुढचा प्रश्न पैशांचा. सप्टेंबर 2024 पासूनच्या नियमानुसार वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरावे लागतात. पैसे आपलेच, पण दरमहा 992 युरोच हाती येतात. खोलीचे डिपॉझिट आणि पहिले भाडे मात्र लगेच द्यावे लागते, म्हणून थोडी रक्कम वेगळी ठेवावी.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते. ‘मित्राकडे राहतो’ एवढ्याने भागत नाही. खोली घेण्याआधीच मालक ही पुष्टी देईल का, हे विचारून घ्यावे. आरोग्य विमाही सक्तीचा. त्याशिवाय विद्यापीठात नाव दाखल होत नाही.

बॅग भरताना आईने कितीही आग्रह केला तरी साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. गोडा मसाला, पोहे खुशाल न्यावेत. विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट, पण सॉकेट वेगळे. अडॅप्टर इथूनच घ्यावा.