एक नमुना दाखवा, बाकीचं एक्सेल भरेल

एका रकान्यात ‘कुलकर्णी, सुमेधा’ अशी नावं आहेत. आपल्याला हवं ‘सुमेधा कुलकर्णी’. शेजारच्या रकान्यात पहिल्या ओळीतलं नाव तसं टाइप करायचं, कंट्रोल-ई दाबायचं, की खालच्या शेकडो ओळी क्षणात भरतात. एक्सेल २०१३मध्ये आलेल्या या ‘फ्लॅश फिल’मागे मायक्रोसॉफ्टमधले संगणकशास्त्रज्ञ सुमित गुलवानी यांचं संशोधन आहे. त्यांचा शोधनिबंध २०११चा. आपल्या नमुन्याशी जुळणारे अनेक छोटे प्रोग्राम संगणक स्वतःच रचतो आणि त्यांतला साधासरळ निवडतो. सूत्रं न येणाऱ्या कारकुनालाही असा प्रोग्राम आयता मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र एका नमुन्यावरचा अंदाज चुकू शकतो. म्हणून नमुन्यापेक्षा वेगळ्या, उदाहरणार्थ वडिलांचं नावही लिहिलेल्या ओळी डोळ्यांखालून घालाव्यात. चुकलेली ओळ दुरुस्त केली, की तोच दुसरा नमुना ठरतो.